पाच गिअर मागे, एक पुढे

इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं ते चादरीत गुंडाळलेलं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याची मागची शेड आहे. तिथे सुताच्या रिकाम्या कोनांच्या पोत्यांशेजारी लाकडी पॅलेटवर ते ठेवलं होतं, वर आपली सोलापुरी चादर, मोराची. शेठनी नव्या नवरीचा पदर सारावा तशी ती हळूच बाजूला केली. खाली होंडा सिटीचं जुनं १.५ व्हीटेक, १०६ बीएचपीचं. ही गाडी रस्त्यावर दिसली की शाळेतली पोरं वळून बघायची, तेव्हाचं.

पलीकडे स्टँडवर चौकोनी पाइपची चॅसी उभी होती. लोटसने १९५७ साली जी 'सेव्हन' काढली त्या धाटणीची: लांब नाक, दोन सीटा, मागे जवळपास काहीच नाही. शेठचा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि कारखान्याच्या वेल्डरने मिळून चार महिन्यांत ती जोडली होती. काम सरळ होतं, कर्ण मोजले तर दोन मिलिमीटरचाही फरक नव्हता.

"काका, आता फक्त गिअरबॉक्स सुचवा," भाचा म्हणाला.

माझं वर्कशॉप लूमच्या शाफ्ट-गिअरचं. गाड्यांचं काम हौस म्हणून आणि ओळखीच्यांपुरतं. या 'फक्त'मध्ये सहा महिने गेले. ते कुठे गेले आणि शेवटी काय बसलं, ते लिहून ठेवतो, कारण घरी गाडी बांधणारे माझ्या पाहण्यातले बहुतेक लोक याच टोकापासून सुरुवात करतात. आधी इंजिन घेतात आणि मग त्याच्यामागे काय लावायचं ते शोधत बसतात.

माझ्याकडे अण्णा आहेत. आधी मिलमध्ये जॉबर होते, आता लेथवर असतात. घरी तेलुगू बोलतात, बाजारात कन्नड, शिव्या मराठीत. त्यांनी इंजिनाभोवती एक चक्कर मारली, पुलीवर खडूची रेघ ओढली आणि भाच्याला बॅटरी आणायला सांगितली. स्पार्क प्लग काढले, स्टार्टरला करंट दिला. पुली फिरली.

"उलटं हाय बे हे," अण्णा म्हणाले.

पुलीच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक गाड्यांची इंजिनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात. होंडाच्या त्या काळातल्या डी-सिरीजची इंजिनं, हे त्यातलंच, काट्याच्या विरुद्ध फिरतात. हा दोष नाही. होंडाने इंजिन बॉनेटखाली इतरांच्या उलट बाजूने बसवलं, पुली डावीकडे आणि गिअरबॉक्स उजवीकडे, मग चाकं पुढे जायला क्रँक उलटा फिरवावा लागला. पुढे २००१च्या आसपास आलेल्या के-सिरीजमध्ये त्यांनीही दिशा बदलली. इंजिन स्वतःच्या गिअरबॉक्ससकट आडवं बसवलं असेल तर मालकाला याचा आयुष्यभर पत्ता लागत नाही. पण तेच उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवून त्याच्यामागे जिप्सीचा किंवा ॲम्बॅसॅडरचा गिअरबॉक्स लावला, की गाडीला पाच गिअर मागे जाण्याचे आणि एक पुढे जाण्याचा.

शेठ हसले. भाचा हसला नाही. त्याने तोवर इंजिनाला परका गिअरबॉक्स जोडणाऱ्या ॲडॉप्टर प्लेटचं ड्रॉइंग करून ठेवलं होतं.

यावर एक जुगाड नेहमी सुचवला जातो: मागचा ॲक्सल उलथा करून बसवायचा. मग दिशा सुलट होते, खरं आहे. पण ॲक्सलमध्ये शाफ्टची फिरकी चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी असते, क्राऊन-पिनियन. ती हायपॉइड असते, म्हणजे पिनियन क्राऊनच्या मध्याखाली बसतो, आणि तिच्या दाताला दोन अंगं असतात. एक अंग ओढण्यासाठी घडवलेलं असतं, दुसरं ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणाऱ्या भारापुरतं. ॲक्सल उलथा केला की सगळी ओढ या दुसऱ्या अंगावर येते. पिनियन खाली असायचा तो वर जातो, त्याच्या बेअरिंगला तेल पोचत नाही, हवा सोडणाऱ्या ब्रीदरच्या जागी तेल येतं. शिवाय गिअरबॉक्समधले तिरक्या दातांचे गिअर उलट्या बाजूला रेटा देऊ लागतात, म्हणजे तिथलीही बेअरिंगं नको त्या अंगाने झिजणार. चार फेऱ्यांपुरतं चालेलही. मी हात लावायला नकार दिला.

दुसरा रस्ता सरळ होता. होंडाचं इंजिन तिच्याच गिअरबॉक्ससकट, ड्राइव्हशाफ्टसकट उचलायचं आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे, पूर्वीच्याच तोंडाने बसवायचं. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट नको, ॲक्सल नको, दिशेचा प्रश्न नाही. खरं सांगायचं तर कोऱ्या कागदावरून सुरुवात असती तर मी हेच सांगितलं असतं. पण चॅसी जोडून झाली होती आणि तिचं अख्खं नाक इंजिनासाठी होतं. मागे जागा करायची म्हणजे अर्धी चॅसी कापणं. रेडिएटर पुढे ठेवायचा तर पाण्याचे पाइप गाडीभर फिरवावे लागणार, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. शेठचं म्हणणं याहून साधं होतं: "मला बसल्यावर पुढे लांब बॉनेट दिसलं पाहिजे. बाकी तुमचं तुम्ही बघा." ज्याची गाडी त्याची ही अट. ती मान्य करूनच पुढे जायचं होतं.

तिसरा प्रस्ताव भाच्याचा. कॉलेजच्या स्पर्धेच्या गाड्यांत असतं तसं केटीएम ३९०चं इंजिन, चेनवर. इंजिन गोड आहे, ३७३ सीसीत ४३ बीएचपी. पण कॉलेजची गाडी ड्रायव्हर सोडून अडीचशे किलोची असते, ही दोन माणसं धरून सातशेच्या पुढे जाणार. बाइकचा क्लच एवढं वजन रोज हलवायला केलेला नाही, आणि रिव्हर्स नाही. गेटमधून बाहेर काढायला दोन कामगार लागणारी स्पोर्ट्स कार शेठना नको होती.

मग मी भाच्याला म्हटलं, इंजिन चादरीत परत गुंडाळ. आपण मागच्या चाकापासून निघू.

मागचं चाक म्हणजे आधी टायर. सहज मिळणारा आणि रुंदीला बरा म्हणून १८५/६० आर१४ ठरवला. त्याची एक फेरी म्हणजे सुमारे १.८ मीटर. मग वजन. चॅसी, पत्रा, चाकं, सीटा कारखान्याच्या सुताच्या काट्यावर एकेक करून तोलल्या, उरलेल्याचा अंदाज धरला. रिकामी गाडी ५९० किलोच्या आसपास येणार होती. एक माणूस धरून ६६५. त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त मागच्या चाकांवर, समजा ३४५ किलो. कोरड्या डांबरावर एवढ्या भाराला हे टायर तीन हजार न्यूटनच्या थोडी वर ओढ धरतील, वेग घेताना वजन मागे सरकतं म्हणून अजून थोडी. त्यापुढे नुसता धूर.

हा आकडा हातात आला आणि बाकीचं आपोआप लहान झालं. मारुतीच्या १.३ लिटर जी१३बीबी इंजिनाला १०३ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आहे. जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२ (इंजिनाच्या इतक्या फेऱ्यांची पुढे एक होते), तिच्या ॲक्सलचा क्राऊन-पिनियन ४३ आणि ११ दातांचा, म्हणजे ३.९०९. गुणाकार केला तर चाकाशी १,४७० न्यूटन-मीटर आणि रस्त्याशी ५,१०० न्यूटन. टायर धरणार त्याच्या दीडपट. म्हणजे पहिल्या गिअरला ८० बीएचपीचं साधं मारुती इंजिनही या गाडीला जास्तच आहे. होंडाचे वरचे पंचवीस घोडे लांब सरळ रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्यात कामाला आले असते. तसा रस्ता या गाडीच्या नशिबी नाही, ते पुढे येईलच.

ॲक्सलसाठी तीन नावं कागदावर होती. प्रीमियर ११८एनईचा ॲक्सल मला मनापासून आवडतो, मूळ फियाटचं घराणं. पण उद्या पिनियन बेअरिंगचं सील फुटलं तर ते शोधायला मुंबईची गाडी धरायची का? ओम्नी-ईकोचा ॲक्सल हलका, आणि गावातल्या प्रत्येक स्पेअर पार्टच्या दुकानात त्याचं सगळं मिळतं. अडचण त्याच्या क्राऊन-पिनियनच्या रेशोची. छोट्या इंजिनाने भरलेली व्हॅन ओढायची म्हणून तो पाचाच्या आसपास ठेवलेला असतो. आमच्या टायरवर हिशोब केला तर सरळ जोडणीच्या चौथ्या गिअरला, सहा हजार आरपीएमवर, १२५-१३०ला गाडी संपते. पहिला गिअर तर टाकेपर्यंत काढायची वेळ. लोटसचं नाक आणि आवाज दूधवाल्याच्या व्हॅनचा, हे शेठना चाललं नसतं.

उरली जिप्सी. आणि जिप्सीबद्दल एक गोष्ट आहे जी मलाही पूर्वी नीट माहीत नव्हती.

जिप्सीचा गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणारे गिअर, एका डब्यात नाहीत. मधे हातभर लांबीचा एक छोटा शाफ्ट आहे, दोन्हीकडे फ्लँज. ट्रान्सफर केस पूर्ण काढून टाकली तरी मागे एक साधा, सुटा, पाच गिअरचा, उभा बसणारा गिअरबॉक्स उरतो, आणि आपल्याला तोच हवा असतो. वर बक्षीस असं की जिप्सीची ट्रान्सफर केस हाय रेंजमध्ये, म्हणजे रोजच्या रस्त्याच्या जोडणीतसुद्धा, सरळ एकास एक नसते. तिथे १.४०९चं रिडक्शन आहे. मोठ्या चाकांची जीप ओढायची म्हणून मारुतीने तो ३.९०९ मुळात साडेपाचाचा करून वापरला. केस निघाली की हे रिडक्शन निघतं आणि ३.९०९ उघडा पडतो, स्पोर्ट्स कारला जसा पाहिजे तसा.

भाच्याने खडूने शेडच्या भिंतीवर लिहिलं. सहा हजारला पहिला ४५ किलोमीटर, दुसरा ८५, तिसरा १२०च्या आतबाहेर, चौथा १६५. पाचवा ०.७९५, तो कागदावर दोनशेच्या पुढे जातो, पण ८० बीएचपीत हवेला फाडून तिथे पोचायची ताकद नाही. पाचवा फक्त शांत चालायला: शंभरला २,९०० आरपीएम. ते आकडे अजून भिंतीवर आहेत, कुणी चुना लावला नाही.

ॲक्सलच्या मजबुतीचीही काळजी मिटली. जिप्सीत, नुसत्या हाय रेंजला, पहिल्या गिअरमध्ये पिनियनवर ५३० न्यूटन-मीटर येत होते. आमच्याकडे ३७६. गाडीचं वजनही बरंच कमी. अण्णा म्हणाले, "बैलाचं जू बकऱ्याला लावलाव."

इंजिन जिप्सीचंच घ्यायला हवं असं नव्हतं. एस्टीममध्येही जी१३बीबीच आहे, आडवं बसवलेलं. घराणं एकच, त्यामुळे ब्लॉकचे बोल्ट जिप्सीच्या बेल हाउसिंगला बसतात. जुन्या जिप्सीचं चांगलं इंजिन हौशी लोक सोडत नाहीत, एस्टीमचं मात्र भंगाराच्या भावाच्या थोड्या वर मिळतं. मग इंजिन एस्टीमचं, पण फ्लायव्हील, क्लच, बेल हाउसिंग, तेलाचा संप आणि त्यातला पिकअप पाइप जिप्सीचा, अशी मोट बांधली. एक सूचना: पायलट बेअरिंग विसरू नये. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट लांब असतो, त्याच्या टोकाला ते धरून ठेवतं. ते नसलं तरी गाडी चालू होते, पळतेसुद्धा, आणि मग हळूहळू गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग खाते. आम्ही नवं बसवलं. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त वस्तू तीच होती.

आता अडचण. जिप्सीच्या मागच्या ॲक्सलवर डिफरन्शियलचा गोळा, ज्यात क्राऊन-पिनियन असतो तो, मधोमध नाही. ट्रान्सफर केसमधून शाफ्ट एका कडेने निघतो, म्हणून गोळाही कडेला सरकलेला. आमचा गिअरबॉक्स मात्र चॅसीच्या मध्यावर. मोजलं तर अंतर ६० मिलिमीटर निघालं. ॲक्सलची नळी कापून छोटी करायची आणि गोळा मध्ये आणायचा, हे भाच्याच्या डोक्यात होतं. मी म्हटलं, ६० मिलिमीटरसाठी नळी कापून पुन्हा सरळ वेल्ड करणं आणि आतल्या हाफ शाफ्टला नवे स्प्लाइन, म्हणजे टोकाचे लांब दात, काढून हीट ट्रीटमेंट करणं, यात नवीन पाच चुका करायची सोय आहे. मीटरभर लांबीच्या शाफ्टवर ६० मिलिमीटर म्हणजे साडेतीन अंशांचाही कोन होत नाही. युनिव्हर्सल जॉइंट तेवढं खुशाल सोसतो. टनेल तिरका झाला आणि एका सीटची रुंदी दोन बोटं गेली, एवढंच.

मात्र जॉइंटचे नियम पाळायचे. कोनात फिरणारा जॉइंट एकसारखा फिरत नाही, दर फेरीत दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. शाफ्टच्या दोन टोकांचे दोन जॉइंट एकमेकांची ही लंगडी चाल मारतात, पण त्यासाठी दोन्हीकडचा कोन सारखा हवा आणि शाफ्टवरचे दोन्ही योक, म्हणजे जॉइंट धरणारे दुबेळके, एका रेषेत हवेत. गिअरबॉक्सची फ्लँज आणि पिनियनची फ्लँज आम्ही मोबाइलमधल्या लेव्हलने मोजून समांतर केल्या, ॲक्सलच्या लिंकमध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्या, टाकून. शाफ्ट नव्याने कापून जोडला, बॅलन्स करून आणला. सगळं पुस्तकाप्रमाणे.

आणि कंपाउंडमध्ये पहिल्यांदा साठच्या वर नेली तेव्हा पायाखालचा पत्रा फडफडायला लागला.

भाचा म्हणाला, इंजिन माउंटिंग. शेठ म्हणाले, चाकं. दोघांनी आपापलं काम काढलं, माउंटिंगचं रबर बदललं, चाकं पुन्हा बॅलन्स झाली. फरक शून्य. तिसऱ्या दिवशी अण्णा शेजारच्या सीटवर बसले, टनेलवर तळहात ठेवला आणि म्हणाले, पासष्टला ने, गिअर काढ, इंजिन गप कर. इंजिन बंद, गाडी नुसती घरंगळतेय, आणि फडफड तशीच. म्हणजे इंजिनाचा संबंधच नाही. नुसत्या चाकाची असती तर तिचा ठेका संथ असता. ही बारीक होती, भुंगा डब्यात कोंडल्यासारखी. शाफ्टच.

खाली उतरून पाहिलं. शाफ्टला मधे सरकणारा स्प्लाइनचा जोड असतो, ॲक्सल वरखाली होताना लांबी कमी-जास्त व्हायला. बॅलन्स करून आल्यावर ग्रीस भरायला तो मीच ओढून काढला होता आणि परत घातला होता. दोन दात चुकवून. बॅलन्सवाल्याने पंचने दोन खुणा मारून दिल्या होत्या, ग्रीसखाली त्या झाकल्या गेल्या. योक एकमेकांना तिरके, म्हणजे दोन जॉइंट एकमेकांची लंगडी चाल पुरती मारत नव्हते. खुणा समोरासमोर आणल्या, दहा मिनिटांचं काम. ट्रकवाल्यांच्या गॅरेजमधला बारा वर्षांचा पोऱ्यासुद्धा शाफ्ट सोडताना आधी खुणा बघतो. तीस वर्षं शाफ्ट बनवून मी बघितल्या नाहीत. अण्णा यावर काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

बाकीच्या निवडी भराभर झाल्या. डिफरन्शियल उघडंच ठेवलं, एका चाकाला मोकळं फिरू न देणारं लिमिटेड स्लिप नाही. वळणात आतलं चाक थोडं सुटतं, सुटू दे. आतले गिअर वेल्ड करून डिफ जाम करायचा सल्ला एकाने दिला, तो डांबरावर चालणाऱ्या गाडीला देऊ नये. तेल मात्र दोन वेगळी: डिफरन्शियलमध्ये जीएल-५, कारण हायपॉइड दात एकमेकांवर घासत सरकतात आणि त्यांना तो कडक मसाला लागतो. गिअरबॉक्समध्ये जीएल-४, कारण तोच मसाला गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना बाधतो. दुकानदार 'दोन्हीकडे हेच टाका' म्हणून एकच कॅन पुढे करतो. दोन कॅन मागून घ्यावेत.

फ्लायव्हील हलकं करायचा मोह भाच्याला होता. प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखी, जगभरच्या गाड्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी कंपनी १९९२पासून ज्या गावात आहे, तिथे चांगलं मशीनिंग करून मिळणं अवघड नाही. पण ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील किती खरवडायचं हे ज्याला छातीठोकपणे सांगता येत नाही त्याने ते पायाजवळ फिरवू नये. तसंच राहिलं.

कायद्याचं एकदाच सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. या गाडीला एमएच-१३ची पाटी मिळणार नाही. नवं वाहन रस्त्यावर आणायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६प्रमाणे वाहनं तपासणाऱ्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना तपासून घ्यावा लागतो, आणि ते एका गाडीच्या हौसेचं काम नव्हे. जुन्या एस्टीमच्या आरसीवर ही चालवायची शक्कलही नको, गाडीच्या मूळ रचनेत बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे गाडी कंपाउंडमध्ये फिरते, आणि कधी एका ओळखीच्यांच्या बंद पडलेल्या प्लॉटवर, जिथे आत चारशे मीटरचा डांबरी रस्ता आहे. छोट्या हत्तीवर घालून न्यायची. चारशे मीटरमध्ये तिसरा गिअर कसाबसा भरतो. पाचवा अजून कुणी टाकलेला नाही, शेठनी एकदा उभ्या गाडीत टाकून बघितला, आहे का म्हणून.

पहिल्या काही आठवड्यांनंतर डिफरन्शियलचं तेल काढलं. ड्रेन प्लगला लोहचुंबक चिकटवून ठेवलं होतं. त्यावर काजळासारखी मऊ पेस्ट होती, चुटकीत घेतली तर कण लागला नाही. दात एकमेकांवर बसल्याचं ते लक्षण. नवं तेल भरलं, जॉइंटना ग्रीस दिलं. या वेळी शाफ्ट ओढला नाही, निप्पलमधूनच दिलं.

होंडाचं इंजिन अजून त्याच पॅलेटवर आहे. भाच्याने त्याच्यासाठी गिअरबॉक्स आणि दोन्ही ड्राइव्हशाफ्ट मिळवलेत आणि दुसऱ्या चॅसीचं ड्रॉइंग काढतोय, इंजिन पाठीमागे. पुलीवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलाय. चादर शेठनी घरी नेली, थंडी पडली होती. इंजिनावर आता पोतं आहे.